पाच पाती, पाच लिंका आणि एका पूर्ण फेऱ्याचा वैताग

रिमोटवर उडणारं माझं मॉडेल हेलिकॉप्टर. आठ महिने झाले, दीडशेच्या आसपास उड्डाणं झाली. ६०० साइझ, नमुना ह्यूज ५००डी या खऱ्या हेलिकॉप्टरचा, म्हणजे खऱ्यासारखंच पाच पात्यांचं हेड (पाती बसतात तो वरचा फिरता भाग). रंगकाम, खिडक्या, रिव्हेट यांचं कौतुक भरपूर झालंय. मला लिंकबद्दल बोलायचंय.

हेडवरच्या बॉल लिंकला, म्हणजे पात्याचा कोन बदलणाऱ्या रॉडच्या बॉलवर बसणाऱ्या टोकाला, एकच सरळ बाजू आहे. अक्षर कोरलेली बाजू बाहेर असेल तरच ती बॉलवर नीट बसते. त्यामुळे लांबी बदलायला ती रॉडवर फिरवायची तर पूर्ण फेरा, अर्धा चालत नाही. रॉड दोन मिमीचा, आट्यांचं अंतर ०.४ मिमी. ग्रिपचा, म्हणजे पातं धरणाऱ्या भागाचा, हात मी मोजला, २० मिमी भरला. म्हणजे एका फेऱ्याला पिच, म्हणजे पात्याचा कोन, १.१५ अंशांनी बदलतो! ट्रॅकिंगला, म्हणजे सगळी पाती एका पातळीत फिरवायला, पाव अंशाची मारामारी आणि यांची उडी एका अंशाच्या वर. टोकांना पाच रंगांच्या टेप लावून लांबून बघत बसायचो. लाल वर दिसतंय म्हणून लिंक उपसून एक फेरा दिला की लालच सगळ्यांच्या खाली. मग निळं वर. दोन पात्यांच्या हेडवर कसंबसं निभावतं, इथे पाच जणांची समजूत काढायची असते.

पहिले दोन महिने मी जायरोला (हेलिकॉप्टर स्थिर ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला) शिव्या घातल्या. हॉवरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी थांबवल्यावर, शेपूट थरथरायची म्हणून गेन (जायरोचा जोर) उतरवत गेलो, शेवटी हेलिकॉप्टर इतकं मऊ झालं की स्टिक दिल्यावर विचार करून वळायचं. जायरोवाल्यांना लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर एका ओळीचं: आधी हेड तपासा. राग आला, पण बरोबर तेच होते. जुन्या पडलेल्या हेलिकॉप्टरच्या डब्यात डाव्या-उजव्या आट्यांचे टर्नबकल रॉड सापडले. बॉलवरून न काढता जागच्या जागी पाहिजे तेवढे फिरवता येतात. एका संध्याकाळी पाचही रंग एका रेषेत आले, थरथर गेली, गेन परत वर नेला. फुकटात!

तिसऱ्या महिन्यातला अपघात मात्र माझ्या नावावर. जमिनीवर हेड फिरत असताना उजवीकडे किंचित स्टिक धरून वाऱ्याची झुळूक जायची वाट बघत होतो. मशीन तर हलत नाही, म्हणून जायरो स्वॅशप्लेट (जिच्या कलण्याने पात्यांचे कोन बदलतात ती तबकडी) आणखी आणखी कलवत राहतो. पाच पात्यांचं कडक हेड अशा वेळी दयामाया दाखवत नाही, सरळ उजव्या कुशीवर. दोन पाती गेली. विकणारा म्हणाला, पाचचा संच घ्या, वजन आणि गुरुत्वमध्य जुळवलेले असतात. मी कसला ऐकतो! दुसऱ्या संचातली दोन मिळवली, टेप लावून वजन जुळवलं, पण गुरुत्वमध्य टेपला जुमानत नाही. कंप गेला नाही. शेवटी संच घेतलाच, आणि जुनी तीन धडधाकट पाती कपाटावरून माझ्याकडे बघतात. आता हेड पूर्ण वेगात येईपर्यंत स्टिकला हात नाही, आणि उचलायचं ते एका दमात.

पुढे जाताना उजवीकडे ओढ होती, ती जायरोत स्वॅशप्लेटचा फेज, म्हणजे तिच्या कलण्याची दिशा, आठ अंश फिरवल्यावर गेली. त्याला दहा मिनिटं लागली.

पाच पाती म्हणजे निव्वळ देखावा, हे माझं आधीचं मत मी मागे घेतो. मिनिटाला १२५० फेऱ्यांवर हा जो भरीव आवाज करतो, तो माझ्या १९०० वर किंचाळणाऱ्या दोनपातीला जमणार नाही. फक्त सरळ खाली उतरवू नका. स्वतःच्याच वाऱ्यात एकदा असा बसला की पोटात गोळा आला, पुढे ढकलल्यावर कुठे सावरला. वजनामुळे सहा मिनिटांत बॅटरी संपते, चालायचंच.

लिंक बदला म्हणून किटवाल्यांना तीनदा लिहिलं, हिशोबासकट. परवा उत्तर आलं: "लिंक बसवताना अक्षराची बाजू बाहेर ठेवावी."