डिझायरला नुसता थर्ड पार्टी की फुल इन्शुरन्स?

आमची डिझायर ११९७ सीसीची. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणाऱ्या विम्याचा, दर सरकारच ठरवतं. जून २०२२च्या दरपत्रकात तो वर्षाला ३,४१६ रुपये होता, वर जीएसटी. घासाघीस करायला जागाच नाही. पण खांबाला गाडी घासली, तर खर्च आपल्याच खिशातून.

फुलमध्ये चोरी, पूर, आपल्या गाडीचं नुकसान सगळं येतं, आणि पैसे वाचवायला वावही इथेच. मागे आमचा बंपर फुटला. झीरो डेप, म्हणजे पार्टची झीज न कापता पैसे देणारं जादा कव्हर, नव्हतं, म्हणून प्लास्टिकचे निम्मे पैसे मीच भरले. वर नो क्लेम बोनसही, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल आपल्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळणारी सूट, गेला. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांवर जातो, तेव्हा ओरखड्याला क्लेम नकोच. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, पाडून हप्ता उतरवणाऱ्या एजंटला लांबूनच नमस्कार! गाडी पंधरा वर्षांची असती, तर मी थर्ड पार्टीवरच भागवलं असतं.