कॅसिनोतून वाचले, फुकटच्या तिकिटांत अडकले

लास वेगासला जायचं ठरलं तेव्हा आम्ही चौघींनी एक नियम केला होता. प्रत्येकीने घरूनच एका पाकिटात २०० डॉलर घालून आणायचे. पाकीट संपलं की खेळ संपला. कर्वेनगरच्या हॉस्टेलवर मेसचे पैसे असेच वेगळे ठेवायचो, तीच सवय. आणि खरं सांगते, कॅसिनोने आम्हाला फसवलं नाही. परतताना माझ्या पाकिटात ६१ डॉलर शिल्लक होते. मी अडकले ती भलतीकडेच, शनिवारी सकाळी, हातात कॉफीचा कप, डोकं ठिकाणावर असताना.

मी सॅन होजेला असते, बाकीच्या डॅलस, सिॲटल आणि न्यू जर्सीला. चाळिशीचं निमित्त होतं. शुक्रवारी विमानातून उतरलो तर बॅगा यायच्या आधीच स्लॉट मशीनची किणकिण सुरू, तिथे विमानतळावरच मशीनं मांडलेली आहेत. संध्याकाळी बेलाजिओ हॉटेलची कारंजी बघितली, मग स्ट्रिपवर, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावर, भटकलो. रस्त्यावरच्या फुटकळ युक्त्या आम्हाला माहीत होत्या. पिसांचे मुकुट घातलेल्या मुली हसत हसत तुमच्या फोटोत घुसतात आणि मग डोई वीस डॉलर मागतात. कुणी 'भेट' म्हणून हातात सीडी कोंबतो आणि मग पैशांसाठी मागे लागतो. त्यांना लांबूनच नमस्कार केला.

टेबलांचाही अभ्यास झाला होता. डॅलसवाली आमच्यातली सीए. तिने आदल्या दिवशीच ग्रुपवर फर्मान काढलं: ब्लॅकजॅकच्या (२१ जमवायचा पत्त्यांचा खेळ) टेबलावर '३ ला २' छापलेलं असेल तिथेच बसा, '६ ला ५' दिसलं तर उठा. दहा डॉलर लावून ब्लॅकजॅक लागला, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांतच २१ झाले, तर पहिल्या टेबलावर १५ मिळतात, दुसऱ्यावर १२. रूलेटच्या चाकावर शून्य आणि दुहेरी शून्य धरून घरं ३८, पण एका आकड्यावर जिंकलात तर मिळतात ३५ पट. म्हणजे कॅसिनो खिसा कापतो, पण कात्री टेबलावर ठेवून.

त्या रात्री लिफ्टकडे जाताना एक डेस्क लागलं. 'शोची तिकिटं' अशी पाटी, मागे साधारण पन्नाशीची बाई. मला ते हॉटेलचंच काउंटर वाटलं. तसं ते नव्हतं, पण वाटावं अशीच त्याची मांडणी होती. तिने माझ्या कुर्त्यावरच्या कशिद्याचं कौतुक केलं. कुठून आलात, किती दिवस आहात, कुठे राहता, अशा गप्पा झाल्या. मग सहज विचारल्यासारखं, 'लग्न झालंय?' तिघींनी हो म्हटलं. तिचा त्यांच्यातला रस संपला. नवरे बरोबर नव्हते ना! मी म्हटलं, मी एकटी. बाई खुलली. उद्या सकाळी ९० मिनिटांचा एक कार्यक्रम आहे, नवीन रिसॉर्ट दाखवतील, नाश्ता देतील, बदल्यात मोठ्या शोची चार तिकिटं फुकट. जागा राखायला फक्त ४० डॉलर, तेही परत मिळतील.

सीए म्हणाली, "राहू दे गं, सकाळी पूलवर बसू." एवढंच बोलली आणि फोनमध्ये डोकं घातलं. मला वाटलं दमली असेल.

सकाळी एक व्हॅन मला घेऊन गेली. स्ट्रिप मागे पडली, उंच हॉटेलं मागे पडली, आणि एका उजाड रस्त्याच्या टोकाला मला उतरवलं. परतीची व्हॅन 'कार्यक्रम संपल्यावर'. मोठ्या हॉलमध्ये गोल टेबलं, कान भरून जातील इतकं संगीत. दर थोड्या वेळाने कुठल्यातरी टेबलावर शॅम्पेनचं बूच उडायचं आणि सगळे टाळ्या वाजवायचे. कुणीतरी 'घेतलं' होतं.

माझ्या वाट्याला आलेला मुलगा तिशीचा, गोड बोलणारा. दोन तास त्याने काही विकलंच नाही. स्वतःच्या आजीबद्दल बोलला, माझ्या आईबद्दल विचारलं. मग कोरा कागद काढला. सुट्टीवर वर्षाला किती खर्च होतो? मी म्हटलं, साधारण साडेतीन हजार. तो कागदावर उलटा लिहीत होता, म्हणजे त्याच्या बाजूने उलटा, माझ्या बाजूने सुलटा, आणि एकही आकडा वेडावाकडा नाही. ३,५०० गुणिले ३० वर्षं, १,०५,०००. त्याभोवती जाड गोल काढला आणि म्हणाला, "हे सगळं भाडं. हातात काय उरलं?" तेव्हाच कळायला हवं होतं की उलटं लिहायचा इतका सराव उगाच होत नाही.

मग सजवलेला फ्लॅट दाखवला. मग हळूच म्हणाला, इथल्या मुक्कामाच्या बदल्यात दुसरीकडेही राहता येतं, त्या यादीत गोवासुद्धा आहे, आईला घेऊन जा. तिथे मी विरघळले. आईची पंचाहत्तरी तोंडावर आली होती.

'टाइमशेअर', म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक काळ राहायचा हक्क विकत घेणं, हा शब्द मात्र चार तासांत कुणी उच्चारला नाही. 'व्हेकेशन ओनरशिप' म्हणायचे. तो शब्द ऐकला असता तर मला पुण्यातला पेट्रोल पंप आठवला असता. कुपन भरून द्या, मग फोन येतो, तुम्हाला डिनर सेट लागलाय, जोडीने या. तोच प्रकार, फक्त गालिचा जाड.

पहिला भाव ३८,०००. मी नाही म्हटलं. मॅनेजर आला, २४,०००. नाही. मग एक वयस्कर बाई आली, म्हणाली मी फक्त अभिप्राय लिहून घेते, आणि जाता जाता १४,९०० वर आली. फक्त आज. कागद घरी नेऊन वाचू का, विचारलं, तर आजचा भाव आजचाच. दुपारचा दीड वाजला होता. पोटात सकाळचा एक मफिन.

दहा टक्के, म्हणजे १,४९० डॉलर भरायचे. ते तिथेच काढलेल्या नव्या क्रेडिट कार्डावर, अर्ज त्यांनीच टॅबलेटवर भरला. उरलेल्या रकमेवर जवळजवळ १७ टक्के व्याज. शिवाय दरवर्षी मेंटेनन्स. आपल्या सोसायटीचा असतो तसाच, दरवर्षी वाढणारा, फक्त इथे राहायला घर नाही, पॉइंट, जे मोजून मुक्काम मिळवायचा. मी सह्या केल्या. हाव नव्हती हो. तीन माणसं सकाळपासून आपल्यासाठी राबली, आता उठून कसं जायचं, एवढंच डोक्यात होतं. भीड भिकेची बहीण, हे आजी उगाच म्हणत नसे.

तिकिटं? ती निघाली सोमवार ते गुरुवारची. आम्ही रविवारी परतणार होतो. आणि ४० डॉलर परत घ्यायला त्याच डेस्कवर जायचं, तर संध्याकाळी डेस्क बंद.

मैत्रिणींना मी अर्धवटच सांगितलं. रविवारी विमानतळावर सीए माझ्या शेजारी येऊन बसली. मागे स्लॉट मशीनं वाजत होती. "किती भरलेस?" सरळ विचारलं. मी सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आम्ही दोघांनी तीन वर्षांपूर्वी घेतलंय. तुला काल सांगायला हवं होतं. सीए आहे ना मी, लाज वाटली." मग माझी फाइल मागितली आणि जाड गठ्ठ्यातून एक पान बाहेर काढलं.

लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाच्या कायद्यानुसार टाइमशेअरचा करार सहीच्या दिवसानंतरच्या पाचव्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतो. शनिवार-रविवार धरूनच पाच दिवस. कारण द्यावं लागत नाही, आणि 'हा हक्क मी सोडते' असं तुमच्याकडून लिहून घेतलं तरी चालत नाही. कॅलिफोर्नियात ७ दिवस आहेत, फ्लोरिडात १०, तेव्हा ऑर्लँडोला मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. फोन करून भागत नाही, लेखीच हवं. मी सोमवारी सकाळी चार ओळींचं पत्र लिहिलं: नाव, करार क्रमांक, तारीख, करार रद्द करत आहे, सही. करारात दिलेल्या पत्त्यावर सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह पाठवलं. पत्राचा आणि पोस्टाच्या पावतीचा फोटो काढून ठेवला.

मंगळवारी त्या गोड मुलाचा फोन. त्याला काही कळलं होतं की तो सगळ्यांनाच करतो, कोण जाणे. "मॅम, काही शंका असेल तर पत्रबित्र पाठवू नका. मॅनेजर तुम्हाला आणखी चांगली ऑफर देणार आहेत. शुक्रवारी फोन करतो." माझी मुदत गुरुवारी संपत होती.

तीन आठवड्यांत १,४९० डॉलर परत आले. क्रेडिट रिपोर्टवर त्या कार्डाच्या अर्जाची नोंद मात्र दोन वर्षं राहणार.

सीएचं प्रकरण वेगळं. मुदत केव्हाच गेलेली. मध्यंतरी एका कंपनीने 'तुम्हाला यातून सोडवतो' म्हणून ४,००० डॉलर आधीच घेतले. तो नंबर आता लागत नाही. असे आगाऊ पैसे मागणारे या धंद्याच्या मागोमाग फिरतच असतात, आणि आधीच फसलेला माणूस त्यांना सोपा सापडतो.

परवा तिने यंदाच्या मेंटेनन्सच्या बिलाचा फोटो पाठवला. १,६८४ डॉलर. खाली लिहिलं होतं, "लिही तू यावर. फक्त माझं नाव घालू नकोस."