मत गावाकडे ठेवावं की गोव्यात आणावं?

नोकरीधंद्यासाठी गोव्यात येऊन स्थिरावलेल्या अनेकांचं मतदारयादीतलं नाव अजून कोल्हापूर, बेळगाव नाहीतर सिंधुदुर्गातच असतं. दोन ठिकाणी नाव ठेवायला कायद्याची मनाई आहे, तेव्हा एक गाव धरावंच लागतं.

गावाकडची ओढ मला पटते. आईवडील तिथे, शेताचा वाटा तिथे, भावकीतला उमेदवार उभा राहिला तर फोनवर फोन येतात. दोन-चार वर्षांत परत फिरायचं नक्की असेल, तर नाव हलवायची घाई करू नये.

पण इथे मुरायचं असेल तर इथल्या लोकांचा स्वभाव लक्षात घ्या. तुमच्या घरात तुम्ही काय खाता, केव्हा झोपता, याच्याशी आमच्या वाड्यावर कुणाला देणंघेणं नाही. डोंगर कापला किंवा शेतात भराव पडला की मात्र सगळे उठतात. एवढ्याशा राज्यात 40 आमदार, त्यामुळे आमदार बाजारात भेटतो आणि लोक तिथेच त्याला जाब विचारतात. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही, हे याच लोकांनी 1967 च्या जनमत कौलात मत देऊन ठरवलं. कुठल्या जमिनीचा वापर कशासाठी करायचा हे ठरवणारा ‘प्रादेशिक आराखडा 2011’ सरकारला 2007 मध्ये मागे घ्यावा लागला, तोही लोकांच्याच रेट्याने.

माझा निर्णय झाला तो ग्रामसभेमुळे. रविवारची सकाळ, पंचायतीच्या सभागृहात प्लास्टिकच्या खुर्च्या, सचिव मागचं इतिवृत्त वाचतायत. आमच्या घरामागचा व्हाळ, म्हणजे ओढा, भराव टाकून अर्धा बुजवला होता आणि पावसात पाणी थेट माझ्या अंगणात येत होतं. मी उठलो, तर पुढच्या रांगेतून प्रश्न आला, "यादीत नाव आहे का?" नव्हतं. घरपट्टी भरत होतो, पण राज्यघटनेनुसार ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीतली माणसं, त्यामुळे विचारणाऱ्याचं चुकलं नव्हतं. शेवटी शेजारच्या काकींनी माझा प्रश्न मांडला, तोही माझ्यापेक्षा कडक शब्दांत. माझ्याच अंगणातल्या पाण्याबद्दल मी गप्प बसून ऐकत होतो. ते मला फार लागलं.

प्रत्येकाला हे एवढं लागेलच असं नाही. पणजी-मडगावात फ्लॅट असेल तर तिथे ग्रामसभाच नाही, मग गावाकडचं नाव राहिलं तरी फारसं अडत नाही. खेड्यात राहत असाल तर मात्र मी नाव इकडेच आणा म्हणेन. नाव आल्यानंतर माझं बोलणं सरपंच लिहून घेतात; काही वेळा कामही होतं.

नाव हलवायला नमुना 8 भरावा लागतो. नुसतं घर मालकीचं असून भागत नाही, तिथे खरोखर राहत असायला हवं. आणि मतदार झालात म्हणून सरकारी नोकरीसाठीची 15 वर्षांच्या निवासाची अट सुटत नाही, तेवढ्यासाठी नाव आणू नका. यादी आली की प्रभाग तपासून घ्या. आमच्याकडे समोरासमोरच्या दोन घरांचे प्रभाग वेगळे आहेत.