काशी-प्रयाग-अयोध्या ग्रुप टूर: सात दिवसांत पदरात काय पडतं

पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या काशी-प्रयाग-अयोध्या ग्रुप टूरचा साचा आता बहुतेक ठिकाणी एकसारखाच झाला आहे. सहा रात्री, सात दिवस. विमानाने वाराणसी, तिथे दोन मुक्काम, प्रयागराजला दोन, अयोध्येत एक, लखनौला एक आणि परत. कंपनी बदलली तरी फरक पडतो तो हॉटेल कुठे आहे आणि सकाळी किती वाजता निघतात, एवढ्यातच. आमचं मत आधीच सांगून टाकतो. प्रयाग आणि अयोध्येसाठी हा साचा चांगला आहे. ज्या काशीसाठी लोक पैसे भरतात, तिथेच तो सगळ्यात तोकडा पडतो. त्यामुळे माहितीपत्रक हातात आलं की आधी काशीचे मुक्काम मोजा. तीन असतील तर पुढचं वाचा, दोन असतील तर घासाघीस करा.

दोन मुक्कामांचं गणित असं बसतं. विमान दुपारी उतरतं. बाबतपूर विमानतळ शहरापासून पंचवीसेक किलोमीटर, वाहतुकीत तासाच्या वर जातो. चहा, खोल्यांचं वाटप, की लगेच गंगा आरतीला पळापळ. दुसऱ्या दिवशी आठला नाश्ता, विश्वनाथाच्या रांगेत दुपार, जेवण, मग सारनाथ. तिसऱ्या दिवशी सामान बसमध्ये. यात पहाटेची नावेची फेरी नाही, काळभैरव नाही, संकटमोचन नाही आणि गल्ल्या तर नाहीतच. कार्यक्रमपत्रिकेत ही नावं दिसतात खरी, पण शेजारी ‘वेळेनुसार’ असं बारीक अक्षरात असतं. त्याचा अर्थ ‘होणार नाही’ असा धरून चाला.

हॉटेलचा मुद्दा इथे सगळ्यात महत्त्वाचा. ग्रुपसाठी लागणाऱ्या वीस-पंचवीस खोल्या एकत्र मिळतात त्या कॅन्टोन्मेंट, नदेसर भागात. हॉटेलं चांगली, लिफ्ट आहे, बस दारात उभी राहते. पण मंदिर पाच-सहा किलोमीटर लांब, आणि मोठी बस मंदिराजवळच्या गोदौलिया चौकापर्यंत जाऊ देत नाहीत. म्हणजे बसमधून उतरून ई-रिक्षा, मैदागिन किंवा गोदौलियाला उतरून पुढे चालत. एका ई-रिक्षात चार माणसं, पस्तीस जणांच्या ग्रुपला आठ-नऊ रिक्षा, आणि दर वेळी शेवटची रिक्षा येईपर्यंत पहिल्या रिक्षातली मंडळी रस्त्यावर ताटकळत. जाता-येता यातच दीड तास सहज जातो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खरी परीक्षा रांगेत नसते, या चालण्यात असते. बुकिंग करताना ‘हॉटेल वाराणसीत आहे का’ असं विचारू नका, ‘गोदौलियापासून किती लांब’ असं विचारा.

विश्वनाथाच्या दर्शनाबद्दल टूर मॅनेजर एक गोष्ट क्वचितच आधी सांगतात. गाभारा अगदी लहान आहे आणि लिंग मधोमध नाही. ते एका कोपऱ्यात, चांदीने मढवलेल्या चौकोनी कुंडात, जमिनीच्या पातळीच्याही खाली आहे. गर्दीच्या वेळी आत सोडत नाहीत, चार दरवाज्यांपैकी एका दरवाज्यातून झांकी दर्शन होतं. माणसं सवयीने समोर, वर बघतात. फुलं-बेलाच्या ढिगात नजर पोचेपर्यंत मागून ‘आगे बढ़िए’ सुरू होतं आणि दर्शन हुकतं. दारात पोचायच्या आधीच नजर खाली, कुंडाकडे लावून ठेवावी. स्पर्शदर्शनाच्या वेळा ठरावीक असतात, बदलतात, आणि सोमवारी, श्रावणात, महाशिवरात्रीच्या आसपास त्यावर विसंबू नये.

मोबाइल, स्मार्ट घड्याळ, पेन, बॅग यातलं काहीही आत चालत नाही. लॉकर आहेत, फुल-प्रसादाचे दुकानदारही सामान ठेवून घेतात, पण मग पूजेची थाळी त्यांच्याकडूनच घ्यायची आणि तिचा दर आधी कुणी सांगत नाही. सगळ्यात बरा मार्ग म्हणजे या सगळ्या वस्तू हॉटेलच्या खोलीतच ठेवायच्या आणि खिशात आधार कार्ड व थोडे सुटे पैसे न्यायचे. मोबाइल नसल्यावर ग्रुपमधली माणसं हरवतात, म्हणून भेटायची जागा आधी ठरवा. ‘मंदिराबाहेर’ ही जागा होत नाही, कारण बाहेर पडायच्या वाटा अनेक आहेत. ‘गेट क्रमांक चारच्या समोर’ किंवा ‘ललिता घाटाकडचं गंगाद्वार’ असं नेमकं बोला.

सुगम दर्शनाचं, म्हणजे पैसे भरून कमी रांगेत दर्शनाचं तिकीट मंदिर न्यासाच्या संकेतस्थळावर कुणालाही काढता येतं. काही टूरमध्ये ते ‘विशेष व्हीआयपी दर्शन’ म्हणून जादा रकमेने विकतात. ज्येष्ठ नागरिकांसाठी ते घेण्यासारखं आहे, पण मूळ दराने. पहाटे तीनच्या मंगला आरतीचं तिकीटही असंच स्वतः काढावं. ग्रुप त्या वेळी झोपलेला असतो, तेव्हा परतीच्या रिक्षाची सोयही स्वतःच बघायची.

आजचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधलं. १३ डिसेंबर २०२१ ला खुल्या झालेल्या नव्या आवारात त्यांचा पुतळा आहे. मराठी ग्रुपचे बहुतेक गाईड पुतळा दाखवतात आणि मराठी काशी तिथेच संपवतात. हे फार खटकतं, कारण खरी मराठी काशी त्याच्या उत्तरेला आहे. संध्याकाळची नाव दशाश्वमेधवरून निघते, फार तर मणिकर्णिकेपर्यंत जाते आणि आरतीसाठी माघारी वळते. वळायच्या जागेच्या लगेच पुढे शिंदे घाट आहे, पाण्यात कललेल्या रत्नेश्वर मंदिरासह. त्यापुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट, राम घाट, बिंदुमाधवाचा पंचगंगा घाट, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट. मराठी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या जिथे राहिली, तो हा भाग. शिवरायांच्या राज्याभिषेकासाठी १६७४ मध्ये रायगडावर आलेले गागाभट्ट काशीच्याच भट्ट घराण्यातले, आणि त्या घराण्याचं मूळ पैठणचं. एवढं सगळं पंधरा-वीस मिनिटांच्या वल्हवण्यावर असताना नाव मागे फिरवायची, याला काय म्हणावं?

म्हणून दोन नावा हव्यात. संध्याकाळची आरतीपुरती, आणि दुसरी पहाटेची, अस्सीपासून पंचगंगेपर्यंत. गंगा इथे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, सगळे घाट पश्चिम काठावर आहेत आणि समोर नुसती वाळू. त्यामुळे ऊन सकाळी घाटांवर समोरून पडतं, प्रत्येक पायरी वेगळी दिसते. संध्याकाळी सूर्य इमारतींच्या मागे जातो आणि घाट सावलीत बुडतात. टूर कंपन्या दोन्ही फेऱ्या एकत्र करून संध्याकाळची एकच देतात. पहाटेची स्वतः ठरवायची तर आठ-दहा जण मिळून एक नाव घ्या, दर माणशी नको, पूर्ण नावेचा ठरवा आणि ‘पंचगंगा घाट, वहाँ उतरेंगे’ हे बसण्यापूर्वीच सांगा. जुलै ते सप्टेंबर पाणी चढलं की नावा बंद होतात आणि आरतीही घाटाच्या पायऱ्या सोडून वर सरकते. त्या महिन्यांतली टूर स्वस्त असते ती उगाच नाही.

सारनाथ शहरापासून दहा किलोमीटर. धमेख स्तूप, उत्खननातले विहार आणि रस्त्यापलीकडचं संग्रहालय, सगळं चालण्याच्या अंतरात. आपल्या नोटांवरची सिंहमुद्रा ज्यावरून घेतली तो अशोकस्तंभाचा मूळ शीर्षभाग या संग्रहालयात आहे आणि पहिल्याच दालनात समोर येतो. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. तुमच्या टूरचा सारनाथचा दिवस शुक्रवार येतो का, हे कॅलेंडर उघडून आधीच बघा. तसा येत असेल तर दिवसांची अदलाबदल मागा.

प्रयागराज या टूरचा सगळ्यात नीट जमलेला भाग. वाराणसीहून सव्वाशे किलोमीटर, रस्ता चांगला. संगमावर ग्रुप असण्याचा खरा फायदा होतो, कारण नावेचा दर एकदाच ठरतो आणि एकेकट्या प्रवाशाची होते तशी ओढाताण होत नाही. नाव संगमापाशी लावलेल्या लाकडी तराफ्यांना लागते, तिथे उतरून स्नान. कपडे बदलायला आडोसा जेमतेम असतो. बायकांनी अंगावर वाळतील असे सुती किंवा सिंथेटिक कपडे घालूनच जावं. नारळ-दूध विकणारे नावेला नाव भिडवून येतात. सोडलेला नारळ थोड्याच वेळात पुढच्या गिऱ्हाइकाच्या हातात जातो, तेव्हा भाव करताना हात आखडला तरी चालेल.

संकल्पाच्या बाबतीत एकच नियम पाळा: ओंजळीत पाणी घेण्याआधी आकडा. हातात पाणी आणि तोंडी गोत्र आल्यावर ‘इतक्या ब्राह्मणांना भोजन, बोला’ असं सुरू झालं की माणूस नाही म्हणत नाही. वेणीदान करायचं असेल तर टूर मॅनेजरला निघण्यापूर्वी कळवा. दांपत्याची पूजा, नवऱ्याने बायकोची वेणी घालणं, टोकाचे दोन-तीन बोटं केस कापून संगमात सोडणं, याला एका जोडप्याला अर्धा-पाऊण तास लागतो. पाच जोडपी असली आणि ग्रुपला दोनच तास दिलेले असले की गुरुजी मंत्र गुंडाळतात. संगमाजवळच्या किल्ल्यातला अक्षयवट, म्हणजे पवित्र मानलेला वड, २०१९ पासून लोकांना खुला आहे. पाताळपुरी या तळघरातल्या मंदिरासकट तो बघायचा तर स्नानाआधी जा, ओल्या कपड्यांनी रांग नको. सोमवारी आनंद भवन बंद असतं. आणि जानेवारी-फेब्रुवारीत माघ मेळा असतो, तेव्हा मुख्य स्नानांच्या तारखांना बस कित्येक किलोमीटर अलीकडेच अडवतात. मौनी अमावास्या टूरच्या तारखांत येत असेल तर ती तारीख सोडाच.

अयोध्येचं दर्शन आजच्या घडीला या तिन्हींत सगळ्यात शिस्तीचं आहे. २२ जानेवारी २०२४ च्या प्राणप्रतिष्ठेनंतरच्या गर्दीत रांगेची व्यवस्था घडत गेली आणि आता ती बसली आहे. लॉकर मोफत, व्हीलचेअर मिळते, वाट रुंद. मूर्ती उंचावर आणि मंडपाच्या सरळ रेषेत असल्याने रांगेतूनच बराच वेळ दिसत राहते. विश्वनाथाच्या अगदी उलट. सुगम दर्शनाचा आणि आरतीचा पास न्यासाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. मोफत पासाचे ‘सेवाशुल्क’ कुणी मागत असेल तर देऊ नये. चपला काढल्यावर चालणं बरंच आहे, मार्चनंतर दुपारी फरशी भाजते, मोजे जवळ ठेवा. हनुमानगढीला शहात्तर पायऱ्या चढायच्या आहेत आणि तिथली रेटारेटी मंदिरापेक्षा जास्त. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी खालूनच हात जोडावेत. कनक भवन दुपारी बंद होतं आणि ग्रुप नेमका जेवण उरकून दोनला तिथे पोचतो.

परतीचा मुद्दा अनेकांच्या ध्यानात येत नाही. अयोध्येला ३० डिसेंबर २०२३ पासून स्वतःचा विमानतळ आहे. तरीही पुष्कळ टूर लखनौपर्यंतचे १३५ किलोमीटर बसने नेतात, एक रात्र तिथे काढतात आणि इमामबाडा दाखवून विमानात बसवतात. बडा इमामबाडा बघण्यासारखाच आहे, पण तीच रात्र काशीला दिली तर टूरचा कायापालट होतो. काही कंपन्या विनंतीवरून अयोध्येहून परतीचं तिकीट करून देतात, विचारायला हरकत नाही. रेल्वेने जाणार असाल तर स्टेशनचं नाव नीट वाचा. ‘वाराणसी’ म्हणून विकलेलं तिकीट कधी कधी पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनचं, म्हणजे जुन्या मुघलसरायचं असतं, आणि ‘प्रयागराज’ म्हणजे छिवकी. दोन्हीकडून शहरात यायचा खर्च कुणाचा, हे लेखी घ्या.

जेवणाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सोबतचा स्वयंपाकी असेल तर घरच्यासारखं आणि वेळेवर मिळतं. मात्र सकाळी पोहे खाऊन निघालात तर बनारसची कचोरी-भाजी आणि जिलेबी पोटात मावत नाही. काशीतला एक नाश्ता सोडून द्या. मलइयो, म्हणजे दुधाच्या फेसाची मिठाई, फक्त थंडीत आणि सकाळीच मिळतं.

गया जोडलेली नऊ दिवसांची आवृत्ती पिंडदान करायचं असेल तरच घ्यावी. काशी ते गया अडीचशे किलोमीटर, मालवाहू गाड्यांनी भरलेला रस्ता, बसला सहा तास धरा. एका दिवसात फल्गूचा काठ, विष्णुपद आणि गयेतला अक्षयवट (प्रयागचा नव्हे) अशा तीन ठिकाणी विधी होतात. शेवटी अक्षयवटापाशी गयावळ पंडे, म्हणजे गयेचे पिढीजात पुरोहित, ‘सुफल’ म्हणतात तेव्हा विधी पुरा होतो, आणि दक्षिणेची खरी बोलणी तिथेच अडतात. टूरच्या रकमेत सुफलाची दक्षिणा धरली आहे का, हा प्रश्न पुण्यातच विचारायचा. विष्णुपद मंदिरही अहिल्याबाईंचंच, १७८७ चं. काळ्या पाषाणाचा मंडप निवांत बघायचा तर विधी संपल्यावर अर्धा तास मागून घ्या. बोधगया तिथून बारा किलोमीटर, महाबोधी मंदिरात मोबाइल नेता येत नाही.

तारखांचं शेवटचं. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य, हे दोन तुकडे चांगले. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर धुकं असतं. सकाळची विमानं दुपारी सुटतात, रेल्वे कित्येक तास मागे पडते आणि हुकलेलं दर्शन कुणी परत देत नाही. त्या काळातलं बुकिंग करायचंच असेल तर दुपारनंतरचं विमान घ्या, आणि टूर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी स्वतःच्या खर्चाने काशीत पोचा.