पबमेड सेंट्रल: खेड्यातल्या डॉक्टरने वापरावंच असं

तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करणाऱ्यांना सांगतो, पबमेड सेंट्रल वापरत नसाल तर आजच सुरू करा. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने २००० साली सुरू केलेलं हे वैद्यकीय शोधनिबंधांचं आर्काइव्ह, लॉगिन नाही, पैसे नाहीत, अख्खा पेपर मोबाईलवर उघडतो. साध्या पबमेडवर, म्हणजे त्यांच्याच पेपरांच्या सूचीवर, बऱ्याचदा नुसता ॲबस्ट्रॅक्ट (सारांश) दिसतो आणि पुढे जर्नल पैसे मागतं, म्हणून तिथे 'फ्री फुल टेक्स्ट'चा फिल्टर लावायचा.

एकच उदाहरण देतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा विंचूदंशावरचा २०११चा बीएमजेमधला (ब्रिटिश मेडिकल जर्नल) ट्रायल इथे पूर्ण वाचता येतो, ७० पेशंट, नुसतं प्राझोसिन (रक्तदाब उतरवणारं औषध) की सोबत अँटिव्हेनम (विषावरचा उतारा) पण, आणि दोन्ही दिलेल्यांत दहा तासांत पूर्ण बरे होणारे ९१ टक्के, नुसत्या प्राझोसिनवर २३. डोस, वेळा, कुठले पेशंट घेतले नाहीत, सगळं त्यात आहे, आणि हे काम आपल्या कोकणातलं आहे हो, रात्री दोनला विंचू चावलेलं पोर समोर असताना अशाच पेपरचा उपयोग होतो!

त्रास म्हणजे सर्च. स्पेलिंग, मेश टर्म (लायब्ररीने ठरवलेले विषय-शब्द) नीट जमल्या नाहीत तर हजारो रिझल्ट येतात आणि त्यात भारतातले पेपर शोधत बसावं लागतं. शिवाय इथे आहे म्हणजे पेपर चांगलाच असं नाही, सुमार जर्नलांचंही बरंच पडलंय, मेथड्स वाचल्याशिवाय डोस बदलू नका. पाचपैकी साडेचार. मराठीत काहीच नाही, त्यामुळे पेशंटला समजावण्यासाठी दुसरं काहीतरी शोधावं लागेल.