'एक्झीवरून सोर्स कोड काढून देतो' म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

आमच्याकडे हिशेबाचं एक जुनं सॉफ्टवेअर आहे. ते लिहिणाऱ्याचा पत्ता नाही, सोर्स कोड (माणसाने लिहिलेला मूळ प्रोग्रॅम) असलेली हार्ड डिस्क कधीच बंद पडली, हाती उरली ती फक्त एक्झी फाइल, म्हणजे संगणकावर थेट चालणारा तयार प्रोग्रॅम. बदल तर करायचे होते. शोधाशोधीत एक जण भेटला. "एक्झी द्या, सोर्स कोड जसाच्या तसा काढून देतो," असं तो छातीठोकपणे म्हणाला. निम्मे पैसे आगाऊ घेतले. अशा अडचणीतले लोक बरेच असतात आणि हा माणूस त्यांनाच गाठतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आमचा विश्वास बसला तो त्याच्या डेमोवर. स्क्रीन शेअर करून त्याने एक एक्झी उघडली आणि समोर स्वच्छ, वाचता येणारा कोड आला. फंक्शनचं (कोडच्या एका तुकड्याचं) नाव 'कॅल्क्युलेट टॅक्स', व्हेरिएबलचं (माहिती साठवायच्या जागेचं) 'टोटल अमाउंट'. पुढे त्याच डेमोचं रेकॉर्डिंग एका जाणकार मित्राने पाहिलं आणि फोल्डरमधल्या दुसऱ्या फाइलवर बोट ठेवलं. ती पीडीबी फाइल होती. म्हणजे डीबगिंगसाठी (चुका शोधण्यासाठी) कंपायलर, म्हणजे सोर्स कोडची एक्झी करणारा प्रोग्रॅम, सगळ्या नावांची नोंद ज्यात ठेवतो ती. नावं तिच्यातून येत होती, एक्झीतून नव्हे.

ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या रिलीज बिल्डसोबत ही फाइल सहसा नसतेच. कंपाइल होताना कॉमेंट (लिहिणाऱ्याच्या टिपा) जातात, व्हेरिएबलची नावं जातात, स्ट्रक्चरच्या (एकत्र बांधलेल्या माहितीच्या) जागी नुसते ऑफसेटचे (मेमरीतल्या अंतराचे) आकडे उरतात. ऑप्टिमायझेशन (प्रोग्रॅम वेगवान करण्यासाठी कंपायलरने केलेले फेरफार) चालू असेल तर छोटी फंक्शन मोठ्या फंक्शनांत मिसळून जातात, लूप (पुन्हा पुन्हा चालणारे भाग) उलगडले जातात, साध्या भागाकाराच्या जागी एखाद्या विचित्र आकड्याने केलेला गुणाकार दिसतो. जे एक्झीत उरलेलंच नाही ते कुठलंही टूल कुठून आणणार?

आम्हाला मिळाली ती 'फन' या अक्षरांपुढे मेमरीचा पत्ता जोडलेली हजारो फंक्शन. आत 'परम १', 'लोकल १८', आणि टाइपच्या जागी 'अनडिफाइन्ड ४'. एक्झीवरून सी भाषेसारखा कोड तयार करणारं घिड्रा नावाचं टूल अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २०१९ मध्ये सर्वांसाठी मोफत खुलं केलं. आमची एक्झी त्यात टाकून आलेलं आउटपुट त्याने तसंच्या तसं आमच्या गळ्यात मारलं होतं. कंपाइल करायला गेलो तर एररचा पाऊस. जाब विचारला तेव्हा उत्तर आलं, "करारात सी कोड लिहिलंय, सी कोड दिलाय."

हे काम अशक्य आहे असं नाही. 'सुपर मारिओ ६४' हा गेम चाहत्यांनी कंपाइल केल्यावर मूळ रॉमशी (गेमच्या मूळ फाइलशी) बाइट न बाइट जुळेल इतक्या अचूकपणे पुन्हा सी भाषेत लिहून काढला. त्याची अमेरिकी आवृत्ती ऑप्टिमायझेशनशिवाय कंपाइल झालेली होती, तरीही अनेक जण त्यासाठी दीर्घकाळ खपले. एक माणूस आठवडाभरात तुमचा अख्खा प्रोग्रॅम परत देतो म्हणत असेल, तर तिथेच थांबा.

त्याच्या डेमोवर जाऊ नका. जावा किंवा डॉटनेटचा प्रोग्रॅम उघडून दाखवला तरी नाही, कारण तिथे नावं बायटकोडसोबत (अर्धवट रूपांतर झालेल्या कोडसोबत) टिकतात आणि काम मुळातच सोपं असतं. तुमच्याच एक्झीतला एखादा हिशेब तुम्ही निवडा. तेवढाच भाग लिहून, तुमच्यासमोर कंपाइल करून, त्याच इनपुटला तेच आउटपुट देऊन दाखवायला सांगा. पैसे त्यानंतर. आणि सॉफ्टवेअरच्या लायसन्समध्ये असं करायची मुभा आहे का, तेही आधी तपासा.

आणखी एक, ज्याची मला सर्वात जास्त धास्ती वाटली. नावं पुसली जातात, पण कोडमध्ये लिहिलेला मजकूर एक्झीत बहुधा तसाच राहतो. आमच्या एक्झीत डेटाबेसचा पासवर्ड होता आणि ती फाइल त्या माणसाकडे गेली होती. पैशांचा तगादा नंतर लावला, पासवर्ड आधी बदलला. पैसे अजून आलेले नाहीत. जुन्या प्रोग्रॅमला ठरावीक इनपुट देऊन त्याची उत्तरं टिपायची आणि त्यावरून नवा प्रोग्रॅम लिहायचा, असं काम आता आम्ही सुरू केलं आहे.