कनिंगहॅमेला एलिगन्स: काही महिने वापरल्यानंतर

आमच्या लॅबमध्ये ही बुरशी आली ती अगदी व्यवहारी कारणासाठी. औषधांचे मेटाबोलाइट (शरीरात औषधापासून बनणारे पदार्थ) विकत घ्यायचे तर चार-दोन मिलिग्रॅमची किंमत ऐकून डोळे पांढरे होतात. यकृताच्या मायक्रोसोममधून (यकृताच्या पेशींतला एन्झाइम असलेला भाग) ते बनवता येतात, पण हाती लागतात मायक्रोग्रॅममध्ये, आणि तेवढ्यात एनएमआरचं (रेणूची रचना दाखवणारी तपासणी) भागत नाही. म्हणून ते या बुरशीकडून बनवून घ्यायचे.

कल्पना जुनीच आहे. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे यांनी ऱ्हायझोपस या बुरशीकडून प्रोजेस्टेरॉनच्या अकराव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल (ओएच गट) बसवून घेतला, आणि कॉर्टिसोन बनवणं सोपं झालं. सस्तन प्राण्यांतल्या चयापचयाचं मॉडेल म्हणून सूक्ष्मजीव वापरायचे, हे स्मिथ आणि रोझाझा यांनी सत्तरच्या दशकात मांडलं. त्या कामात कनिंगहॅमेला सगळ्यांची लाडकी, कारण यकृतासारखेच सायटोक्रोम पी४५० (औषधांवर ऑक्सिजन बसवणारे एन्झाइम) तिच्याकडेही आहेत.

मी ती मुख्यतः फ्लर्बिप्रोफेन या वेदनाशामक औषधावर वापरली. माणसात सीवायपी२सी९ हे एन्झाइम त्याच्या ४′ जागी हायड्रॉक्सिल बसवतं. बुरशीही बहुतांशी तिथेच बसवते. रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर निगेटिव्ह मोडमध्ये मूळ औषधाचं २४३ चं पीक उतरत जातं आणि हायड्रॉक्सिल बसलेल्याचं २५९ चं चढत जातं, हे बघायला मजा येते. पण वस्तुमानातल्या नुसत्या +१६ वर (म्हणजे एका ऑक्सिजनवर) विश्वास टाकू नका. ऑक्सिजन नेमका कुठे बसला हे वस्तुमान सांगत नाही, त्यासाठी एनएमआर किंवा प्रमाणित नमुना लागतोच.

पुढच्या टप्प्यात मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. आपलं शरीर यावर बरंचसं ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं. माझ्या फ्लास्कमध्ये ३३९ ला सल्फेट दिसलं, सल्फाटेझ (सल्फेट तोडणारं एन्झाइम) घातल्यावर ते पीक गेलं. म्हणून ‘छोटं यकृत’ वगैरे म्हणणं मला पटत नाही. औषध किती वेगाने शरीराबाहेर जाईल, याचा अंदाज हिच्यावरून बांधायला जाऊ नये.

आता त्रासाचं. पोटॅटो डेक्स्ट्रोज अगारवर पांढरा कापूस भराभर वाढतो आणि मग करडा पडतो, तिथवर सगळं छान. शेकरवर गेल्यावर तिचा लहरीपणा दिसतो: एका फ्लास्कमध्ये नीट गोळ्या, तर शेजारच्यात काचेला चिकटून गळ्यापर्यंत चढलेली जाड साय. माध्यम तेच, तापमान तेच, उत्पन्न मात्र वेगळं. बीजाणू मोजून टाकले की हे कमी होतं, थांबत नाही. इथिल ॲसिटेटने काढताना सोयाबीनच्या माध्यमात जो फेसाळ थर तयार होतो तो आणखी वेगळीच डोकेदुखी. आधी गाळून घ्या, पण गाळलेली बुरशी फेकू नका, तिच्यातही औषध अडकलेलं असतं. औषध न घातलेला फ्लास्क आणि बुरशी नसलेला फ्लास्क, हे दोन्ही कंट्रोल प्रत्येक वेळी ठेवा.

शिवाय हिची सख्खी बहीण कनिंगहॅमेला बर्थोलेटिए अशक्त रुग्णांत म्युकरमायकोसिस घडवते. २०२१ नंतर आपल्याकडे हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. स्ट्रेन नोंदणीकृत संग्रहातूनच घ्या आणि बीजाणूंचं काम जैवसुरक्षा कॅबिनेटमध्येच करा.

ज्यांना जिवंत बुरशी सांभाळायची नाही त्यांच्यासाठी ॲग्रोसाइबी एगेरिटा या अळंबीचं पेरॉक्सिजनेझ हे एन्झाइम आहे, २००४ मध्ये जर्मनीत सापडलेलं. त्याला पी४५० सारखं महागडं एनएडीपीएच (एन्झाइमला इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) लागत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड पुरतं. डायक्लोफेनॅकचं ४′-हायड्रॉक्सी आणि प्रोप्रॅनोलॉलचं ५-हायड्रॉक्सी त्याने बनवलेलं आहे. पेरॉक्साइड थोडं थोडं सोडावं लागतं, एकदम ओतलं तर एन्झाइमच मरतं. तयार झालेलं फिनॉल पुढे जळू नये म्हणून ॲस्कॉर्बिक आम्ल घालतात. सल्फेट वगैरे मात्र इथे मिळणार नाही.

शेकर आणि एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) असलेल्या कुठल्याही फार्मसी कॉलेजला कनिंगहॅमेला परवडेल. पहिलं औषध फ्लर्बिप्रोफेनच घ्या: मुख्य उत्पादन एकच आणि एचपीएलसीवर २४७ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात स्वच्छ दिसतं. बीजाणू ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा, स्लँटवरून स्लँटवर (तिरप्या अगारच्या नळ्यांत) नेत बसू नका.